सीडी उघडेना, डीएनए उघडेल का?

सबमिशन संपून पीएल लागायला चार दिवस होते. अशा वेळी शहाणी मुलं एसटी पकडून गावाला जातात. मी मात्र एचओडी सरांच्या केबिनसमोरून जायची चूक केली. "काय रे, रिकामाच आहेस ना? डिपार्टमेंट लायब्ररीत जुन्या प्रोजेक्टचं कपाट आहे, त्याची यादी करून दे." टर्मवर्कचे मार्क अजून भरायचे होते, त्यामुळे नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता!

कपाट उघडलं. काळ्या रेक्झिनची बांधणी, सोनेरी अक्षरं, आणि प्रत्येक रिपोर्टच्या मागच्या पुठ्ठ्याला चिकटवलेल्या पाकिटात एक सीडी. २००३ पासून २०११ पर्यंतच्या बॅचेस. यादीत 'सीडी चालते का?' असा एक रकाना सरांनी मुद्दाम घालायला सांगितला होता आणि तिथंच घोडं पेंड खायला लागलं. आमच्या अख्ख्या विंगमध्ये एकाही लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नाही. शेवटी लॅबमधल्या मामांनी भंगारात निघालेल्या ढिगातून एक जुना डेस्कटॉप शोधून दिला. त्याचा ट्रे टाचणीनं ढोसल्याशिवाय बाहेर येत नव्हता. पण फिरत होता बिचारा.

३१ सीडी होत्या, त्यातल्या १२ उघडल्या. बाकीच्या घालाव्यात, घुर्र घुर्र आवाज ऐकावा, आणि 'कृपया डिस्क घाला' असा उलट निरोप वाचावा. त्यात २००४ च्या बॅचचं एक प्रोजेक्ट होतं, आवाजावरून मराठी अंक ओळखणारं सॉफ्टवेअर. त्यासाठी त्यांनी कॉलेजातल्या ४० जणांचे आवाज रेकॉर्ड केले होते. रिपोर्टच्या परिशिष्टात सगळं व्यवस्थित टाइप केलेलं: प्रत्येकी दोन मिनिटं, १६ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो. खाली चाळीस जणांचा तक्ता. मुलं, मुली, दोन सर, वॉचमन काका आणि मेसच्या मावशी. मामा माझ्या खांद्यावरून तो तक्ता वाचत होते. म्हणाले, "ह्या मावशी गेल्या रे. काय आवाज होता! मेसमधनं हाक मारली की हॉस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावर ऐकू यायची. लाव की जरा."

लावली. सीडीचा चंदेरी थर पापुद्र्यासारखा सुटलेला होता. आवाज काही आला नाही.

कागद मात्र जसाच्या तसा होता. तक्त्यातला एकही शब्द पुसट झालेला नव्हता.

रात्री रूमवर हे सगळं सांगितलं. माझा रूमपार्टनर बायोटेकचा. पांघरूण डोक्यावर ओढत तो म्हणाला, "डीएनएत ठेवायला हवं होतं." मला वाटलं गंमत करतोय. बारावीनंतर बायोलॉजीशी माझा संबंध मच्छर मारण्यापुरताच उरला आहे. पण तो गंमत करत नव्हता. मग पीएलमध्ये जे वाचायला हवं होतं ते सोडून मी भलतंच वाचत बसलो. त्याचा हा हिशोब.

आधी सीडी का मेली ते बघू. आपण घरी राइट करतो त्या सीडीत एक सेंद्रिय रंगाचा थर असतो. लेझरनं तो ठिकठिकाणी भाजला जातो, तेच आपले शून्य आणि एक. ऊन, दमट हवा आणि उष्णता यांनी हा रंग बदलतो. वरचा परावर्तक थर नुसत्या लाखेनं झाकलेला असतो, त्यावर ओरखडा गेला की दमट हवा आत शिरते. पावसाळ्यात आमच्या लायब्ररीत पुस्तकांना बुरशी येते, तिथं सीडीची काय कथा!

पण समजा सीडी धडधाकट असती तरी ड्राइव्ह कुठंय? हा दुसरा आजार जास्त वाईट. ह्याचं गाजलेलं उदाहरण इंग्लंडमधलं आहे. तिथं १०८६ साली राजानं जमिनींची पाहणी करून चामड्यावर एक मोठी वही लिहून घेतली, तिला डूम्सडे बुक म्हणतात. तिला ९०० वर्षं झाली म्हणून १९८६ मध्ये बीबीसीनं तिची आधुनिक आवृत्ती काढली. शाळकरी मुलांनी लिहिलेली गावोगावची माहिती, फोटो, नकाशे, सगळं लेझर डिस्कवर. पंधरा-सोळा वर्षांत त्या डिस्क वाचणारी यंत्रं दुर्मिळ झाली, आणि २००२ च्या सुमारास लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांतल्या लोकांना त्या जुन्या संगणकाची हुबेहूब नक्कल सॉफ्टवेअरमध्ये करून तो डेटा वाचवावा लागला. १०८६ ची चामड्याची वही आजही वाचता येते!

मोठ्या संस्था जुना डेटा चुंबकीय टेपवर ठेवतात, आणि तिथंही हेच दुखणं. टेप स्वतः वीस-तीस वर्षं टिकते, पण एलटीओ जातीच्या टेपची आठव्या पिढीची ड्राइव्ह फक्त सातवी आणि आठवी पिढी वाचते. म्हणून दर काही वर्षांनी सगळा डेटा जुन्या टेपवरून नव्या टेपवर उतरवत बसायचं. म्हणजे जर्नल पूर्ण झालं की लगेच नव्या वहीत परत उतरवा, आणि हे जन्मभर.

आता डीएनए. माझ्यासारख्या बायो सोडलेल्यांसाठी एवढंच पुरे की डीएनए म्हणजे चार प्रकारच्या मण्यांची लांब माळ. ॲडेनीन, सायटोसीन, ग्वानीन, थायमीन. म्हणजे ए, सी, जी, टी. आपल्या संगणकाची लिपी दोन अक्षरांची, ही चार अक्षरांची. मग एका अक्षरात दोन बिट बसतात: ००ला ए, ०१ला सी, १०ला जी, ११ला टी. झालं!

करूनच बघू. मराठीतलं 'क' हे अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं: १११०००००, १०१००१००, १००१०१०१. दोन-दोन बिट तोडले की टी-जी-ए-ए, जी-जी-सी-ए, जी-सी-सी-सी. एका 'क'ला बारा मणी. इंग्रजी अक्षर एका बाइटचं, त्याचं चारात भागतं. मराठीत 'काका' लिहायला ४८ मणी लागतात, कारण कान्याचेही वेगळे तीन बाइट! (मी रूमच्या दारावर माझं नाव असं खडूनं लिहिलं होतं. रेक्टर सरांनी पुसायला लावलं.)

इथं एक गैरसमज दूर करतो, कारण मेसमध्ये सांगितलं तेव्हा पहिला प्रश्न हाच आला: "म्हणजे गाणी बॅक्टेरियात भरणार? ते पसरलं तर?" तसं नाही. हा डीएनए कुठल्या जीवाकडून घेतलेला नसतो, आणि तो कुठल्या पेशीत घालायचाही नसतो. रसायनांच्या बाटल्यांतून यंत्रावर बनवलेली माळ, नळीच्या तळाशी सुकवून ठेवलेली. तिच्यात जीव नाही. जेवढा सीडीत असतो तेवढाच.

डीएनए प्रयोगशाळेत बनवायच्या ह्या कामाच्या पायाशी एक भारतात जन्मलेला माणूस आहे हे मला ठाऊक नव्हतं. हरगोविंद खोराना. १९६८ चं नोबेल मिळालेले. त्यांच्या गटानं १९७० मध्ये एक अख्खं जनुक रसायनांतून जोडून बनवल्याचं जाहीर केलं, ७७ जोड्यांचं. तेव्हा त्याला वर्षं लागली. आता इंकजेट प्रिंटरसारखी यंत्रं काचेवर किंवा सिलिकॉनच्या चिपवर हजारो माळा एकाच वेळी गुंफतात. एक मणी जोडायचा, धुवायचं, पुढचा जोडायचा, धुवायचं.

मग अख्खी फाइल एकाच लांब माळेत का गुंफत नाहीत? इथं आपलं गणित कामाला येतं. समजा प्रत्येक मणी जोडताना यश ९९ टक्के. मग २०० मण्यांची माळ बिनचूक होण्याची शक्यता म्हणजे ०.९९ चा २०० वा घात. कॅल्क्युलेटरवर करून बघा, ०.१३ येतं. शंभरातल्या तेराच माळा धड. १००० मणी घेतले तर लाखात चार. म्हणून माळा दीडशे-दोनशे मण्यांच्या आसपासच ठेवतात आणि फाइलचे हजारो तुकडे करतात.

आता पुढची अडचण. हे सगळे तुकडे एकाच थेंबात मोकळे तरंगत असतात. पहिला कुठला, शेवटचा कुठला? सबमिशनच्या आदल्या रात्री तुमच्या जर्नलची सुटी पानं टेबलावर आहेत आणि कोणीतरी पंखा पाचवर केला, तसं! उपायही तोच, प्रत्येक पानावर नंबर घालायचा. हार्वर्डच्या जॉर्ज चर्च यांच्या गटानं २०१२ मध्ये चर्च यांचंच एक पुस्तक, ११ चित्रं आणि एक छोटा प्रोग्राम डीएनएत लिहिला तेव्हा हेच केलं. ५४,८९८ माळा, प्रत्येक १५९ मण्यांची. प्रत्येकीत ९६ बिट मजकूर आणि १९ बिट पत्ता. एकूण साडेबावन्न लाखांच्या वर बिट, आणि परत वाचल्यावर चुका फक्त १०.

दहा चुका म्हणजे काहीच नाही असं मला वाटलं होतं. रूमपार्टनर म्हणाला, "तुझ्या एक्झी फाइलमध्ये दहा बिट उलटे करून बघ." बरोबर आहे.

चुका होतात त्या चार जातींच्या. एक मणी बदलून दुसरा येतो, एक जास्तीचा घुसतो, एक गळतो, किंवा अख्खी माळच सापडत नाही. ह्यातला गळलेला मणी सगळ्यात त्रासदायक. हजेरी घेताना सरांकडून एक रोल नंबर सुटला की पुढच्या सगळ्यांची हजेरी एकेक घर सरकते, तसं त्यापुढचं सगळं वाचन सरकतं. शिवाय एकच मणी ओळीनं खूपदा आला की वाचणारं यंत्र गोंधळतं, पाच ए होते की सहा ते त्याला नीट मोजता येत नाही. आणि आपल्या फाइलींत शून्यांच्या रांगा तर असतातच. आपल्या सोप्या तक्त्यानं त्यांचं ए-ए-ए-ए-ए होत राहणार. आमचा 'क'सुद्धा शेवटी तीन सी घेऊन बसलाय बघा.

ह्यावरचा उपाय मला फार आवडला. युरोपियन बायोइन्फर्मॅटिक्स इन्स्टिट्यूटच्या निक गोल्डमन आणि युअन बर्नी यांनी तो केला, आणि कल्पना म्हणे हॅम्बर्गमधल्या हॉटेलच्या बारमध्ये बसल्या बसल्या निघाली. (आपल्याकडं अशा कल्पना टपरीवर निघतात, फक्त पुढं काही होत नाही.) त्यांनी दोनच्या ऐवजी तीन अंकांची पद्धत घेतली: ०, १, २. आणि नियम असा की मागचा मणी जो असेल तो सोडून उरलेल्या तिघांतला एक निवडायचा. मागे ए असेल तर सी, जी, टी हे झाले ०, १, २. मागे सी असेल तर उरलेले तीन. एकच मणी लागोपाठ दोनदा येणं शक्यच नाही! दर मण्याला दोन बिटांऐवजी दीडच्या आसपास बिट बसतात, पण गोंधळ संपतो. वर प्रत्येक मजकूर चार वेगवेगळ्या माळांत येईल असे एकमेकांवर चढणारे तुकडे केले. २०१३ मध्ये त्यांनी शेक्सपिअरची सगळी १५४ सुनीतं, वॉटसन आणि क्रिक यांचा १९५३ चा डीएनएवरचा निबंध, एक फोटो, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या भाषणाचे २६ सेकंद आणि कोडिंगची एक फाइल, असा ७३९ किलोबाइटचा ऐवज १,५३,३३५ माळांत बसवला. डीएनए अमेरिकेत बनला, पार्सलनं जर्मनीत गेला आणि तिथं वाचला. पाचपैकी चार फाइली आपोआप पूर्ण निघाल्या, एकीत दोन ठिकाणी २५-२५ मण्यांची भोकं पडली ती हातानं भरावी लागली.

मावशींच्या आवाजाच्या नादात मी 'भाषणाचे २६ सेकंद' हे शब्द दोनदा वाचले.

२०१५ मध्ये झुरिचच्या ईटीएचमधल्या रॉबर्ट ग्रास यांच्या गटानं ह्यात रीड-सॉलोमन कोड घातला. ईएनटीसीवाल्यांना हे नाव ओळखीचं असेल. डेटाबरोबर थोडे जादा अंक असे घालायचे, की काही हरवलं तरी समीकरणं सोडवून ते परत काढता येतं. १९६० चं गणित. आणि गंमत म्हणजे सीडीतही हेच गणित असतं. बारीक ओरखडा पडला तरी गाणं चालतं ते त्यामुळे. फक्त अख्खा थरच सुटला तर रीड आणि सॉलोमन दोघं मिळूनसुद्धा काही करू शकत नाहीत.

ह्या गटाचं खरं काम टिकाऊपणाचं आहे. डीएनएचा शत्रू म्हणजे पाणी आणि उष्णता. त्यांनी माळा काचेच्या, म्हणजे सिलिकाच्या, अतिसूक्ष्म गोळ्यांत बंद केल्या. हाडात जीवाश्माचा डीएनए जसा बंदिस्त राहतो तसं. मजकूर निवडला तोही तसाच जुना, स्वित्झर्लंडची १२९१ ची सनद आणि आर्किमिडीजचा एक ग्रंथ, मिळून ८३ किलोबाइट. मग त्या गोळ्या ७० अंश सेल्सिअसला आठवडाभर भाजल्या. मध्य युरोपच्या हवेत साधारण दोन हजार वर्षांत जेवढी झीज होईल तेवढी ह्यात होते. काच विरघळवून वाचलं, सगळं जसंच्या तसं. आपल्या विदर्भातल्या मे महिन्याला हा दोन हजारांचा आकडा लागू नाही हे उघड आहे. गरम हवेत रसायन वेगानं झिजणार. गारठा मात्र डीएनएला मानवतो. सैबेरियातल्या कायम गोठलेल्या जमिनीतून दहा लाख वर्षांहून जुना मॅमथचा डीएनए २०२१ मध्ये वाचला गेला. ग्रीनलँडच्या मातीतून सुमारे २० लाख वर्षांपूर्वीचा २०२२ मध्ये. त्याच्या उलट न्यूझीलंडच्या मोआ पक्ष्याच्या हाडांत, १३ अंशांच्या हवेत, २४२ मण्यांच्या तुकड्यांतले निम्मे ५२१ वर्षांत तुटतात असा हिशोब २०१२ मध्ये निघाला. ५२१ वर्षं! आमच्या सीडीला वीस जमली नाहीत.

आता जागा किती लागते ते बघू, हा हिशोब बारावीच्या केमिस्ट्रीवर होतो. एका मण्याचं मोलर वजन सरासरी ३३० ग्रॅम धरा. मग एका ग्रॅममध्ये अव्होगाड्रोच्या कृपेनं सुमारे १.८ गुणिले १० चा २१ वा घात इतके मणी. दोन बिटांनी गुणा, आठानं भागा, साडेचारशे एक्साबाइटच्या आसपास येतं. म्हणजे ४५ कोटी टेराबाइट. हे झालं कागदावर. प्रत्यक्षात प्रत्येक माळेच्या पुष्कळ प्रती ठेवाव्या लागतात, पत्ते आणि जादा अंक जागा खातात. तरीही यानिव्ह एर्लिक आणि दिना झिलिन्स्की यांनी २०१७ मध्ये दाखवलेला आकडा ग्रॅमला २१५ पेटाबाइट आहे. १८ टेराबाइटच्या नवव्या पिढीच्या एलटीओ टेप घेतल्या तर जवळजवळ १२ हजार टेप. आणि इकडं एक ग्रॅम, म्हणजे चहात साखर टाकताना चमच्याला चिकटून राहते तेवढं.

मग अडलंय कुठं? लिहिण्यात. वाचणं भराभर स्वस्त होत गेलं, कारण वैद्यकाला ते हवंच आहे. प्रती काढणं तर फुकटात म्हणावं असं. पीसीआर नावाच्या पद्धतीत दर फेरीला माळा दुप्पट होतात, तीस फेऱ्यांत एकाच्या शंभर कोटींवर. हव्या त्याच फाइलच्या प्रती काढता येतात, कारण प्रत्येक फाइलच्या माळांना दोन्ही टोकांना ठरावीक खूण लावतात आणि ती खूण दाखवली की पीसीआर तेवढ्याच माळा वाढवतं. मायक्रोसॉफ्ट आणि वॉशिंग्टन विद्यापीठानं २०१८ मध्ये ३५ फाइली, मिळून २०० मेगाबाइट, अशा एकत्र ठेवून हवी ती फाइल वेगळी काढून दाखवली.

पण नवीन मजकूर लिहायचा म्हणजे मणी-मणी रसायन. २०१३ मध्ये गोल्डमन यांनी मांडलेला खर्च मेगाबाइटला १२,४०० डॉलर. २०१७ मध्ये एर्लिक यांना सव्वादोन मेगाबाइटहून कमी डेटा लिहून घ्यायला ७,००० डॉलर लागले. आता आमच्या ४० आवाजांचा हिशोब. ४० जण, दोन-दोन मिनिटं, सेकंदाला ३२,००० बाइट, मिळून १५४ मेगाबाइट. २०१३ च्या भावानं १९ लाख डॉलर, २०१७ च्या भावानं पाच लाख डॉलर. लिहिलेल्या डीएनएची एकेक प्रत धरली तर वजन ग्रॅमच्या अब्जाव्या भागाहूनही कितीतरी कमी! मामांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "सोनं बरं की रे मग."

वेगाचंही तेच. मायक्रोसॉफ्टच्याच लोकांनी २०१९ मध्ये माणसाचा हात न लावता लिहिणारं, ठेवणारं आणि वाचणारं यंत्र जोडलं. त्यात इंग्रजी 'हॅलो' हा शब्द, फक्त पाच बाइट, आत जाऊन परत बाहेर यायला २१ तास लागले. त्या हिशोबानं आमची सीडी ७३ हजार वर्षांत होईल. हा हिशोब तसा अन्यायाचा आहे, कारण रसायनाला पाच बाइट काय नि पाच लाख काय, हजारो माळा शेजारी शेजारी एकाच वेळी बनतात. पण व्हायव्हात आकडा फेकायला बरा. २०२४ मध्ये पेकिंग विद्यापीठाच्या लोकांनी वेगळी युक्ती काढली. दर वेळी नवी माळ गुंफायचीच नाही. आधीपासून तयार असलेल्या माळांवर रासायनिक ठिपके उमटवायचे, छापखान्यातले खिळे जुळवल्यासारखे. ६० स्वयंसेवकांनी ते हातानं करून पाहिलं. ह्याच वाटेनं लिहिणं स्वस्त होईल असं माझं मत आहे, अर्थात ते एका कॉम्प्युटरवाल्याचं मत समजा.

पैशाचं असो, ते आज ना उद्या उतरतील. मला जास्त छळणारी गोष्ट दुसरीच आहे. डीएनएच्या बाजूनं नेहमी सांगतात की वाचणारं यंत्र कधी कालबाह्य होणार नाही, कारण माणूस स्वतःच डीएनएचा आहे. डॉक्टर आहेत तोवर डीएनए वाचणारी यंत्रं राहणार. पटतं. सीडी ड्राइव्हचं जे झालं ते होणार नाही. पण यंत्र काय देईल? टी-जी-ए-ए-जी-जी-सी-ए. पुढं? दोन बिटांचा तक्ता होता की तीन अंकांचा? पत्ता कुठं संपतो? ते यूटीएफ-८ होतं की आवाजाचे नमुने? हे सांगणारं कोणी नसेल तर ती नुसती माळ.

हे आपल्याकडं झालेलं आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात लाखो कागद आहेत. कागद धड, शाई धड. पण ते मोडीत आहेत, आणि मोडी वाचणारे हाताच्या बोटांवर मोजता येतील असे. माझ्या स्वतःच्या घरी पणजोबांच्या जमिनीचा एक मोडी कागद आहे. अक्षर इतकं झोकदार की फ्रेम करून लावावं. काय लिहिलंय ते घरात एकालाही सांगता येत नाही. म्हणजे कागदानं त्याचं काम केलं, आम्ही आमचं केलं नाही.

ह्याच्या उलट उदाहरणही आहे, आणि ते एका विद्यार्थ्याचं आहे म्हणून सांगतो. गोल्डमन यांनी जानेवारी २०१५ मध्ये दावोसच्या परिषदेत डीएनएच्या नळ्या वाटल्या. आत एका बिटकॉइनची किल्ली लपवलेली. २१ जानेवारी २०१८ च्या आत जो वाचेल त्याचं ते बिटकॉइन. तीन वर्षं कोणाला जमलं नाही. मुदत संपायला काही दिवस उरले असताना बेल्जियमच्या अँटवर्प विद्यापीठातल्या एका पीएच.डी.च्या विद्यार्थ्यानं नळी मागवून घेऊन डीएनए वाचला आणि किल्ली काढली. वाटताना दोनशे डॉलरच्या आसपास असलेलं ते नाणं तोवर दहा हजारांच्या वर गेलं होतं! त्याला हे जमलं ते कशामुळे? कोडिंगची पद्धत २०१३ च्या निबंधात छापलेली होती म्हणून. नळी आणि कागद दोन्ही हातात होते.

डीएनएवाल्या कंपन्या आणि संशोधकांनी मिळून २०२० मध्ये एक संघटना काढली. तिनं २०२४ मध्ये पहिले नियम प्रसिद्ध केले, ते नेमके ह्याच दुखण्यावर आहेत. डीएनएच्या साठ्यात एक 'सेक्टर झीरो' असावा, त्यात डीएनए कोणी बनवला आणि पुढचा भाग कुठल्या पद्धतीनं लिहिला एवढंच. मग 'सेक्टर वन', त्यात आत काय काय आहे त्याची अनुक्रमणिका. म्हणजे रिपोर्टचं पहिलं पान आणि इंडेक्स! आपल्याकडं भारतातही काम झालं आहे. गांधीनगरच्या धीरूभाई अंबानी इन्स्टिट्यूटमधल्या मंडळींनी २०१३ मध्येच 'डीएनए क्लाउड' नावाचं सॉफ्टवेअर लिहिलं होतं. फाइल द्या, मण्यांची माळ घ्या, आणि उलटही. लॅब नाही, रसायन नाही, नुसता कोड. बीईच्या प्रोजेक्टला विषय शोधणाऱ्यांनी इकडं जरूर बघावं. चुका मुद्दाम घालून त्या दुरुस्त करणारा प्रोग्राम लिहायला एक संगणक पुरतो.

कपाटाचं पुढं काय झालं ते सांगायचं राहिलं. उघडलेल्या १२ सीडी दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवल्या, एक डिपार्टमेंटमध्ये आणि एक सेंट्रल लायब्ररीत. सरांना विचारून प्रत्येक रिपोर्टच्या पाकिटात एक छापील कागद घातला: कुठल्या फाइली, कुठल्या सॉफ्टवेअरनं उघडतात, आवाज असेल तर किती किलोहर्ट्झ, किती बिट. सेक्टर झीरोच म्हणा. न उघडलेल्या सीडी मामांनी फेकू दिल्या नाहीत, एका डब्यात भरून ठेवल्या आहेत.

२००४ च्या त्या प्रोजेक्टची दुसरी प्रत ग्रुपमधल्या कोणाकडे तरी असणारच. त्या काळी चारही जण एकेक सीडी घरी नेत असत. हा अंक जुन्या विद्यार्थ्यांकडेही जातो. आपल्यापैकी कोणाच्या माळ्यावर, कपाटात ती असेल, तर चालो न चालो, लॅबमध्ये मामांकडे आणून द्यावी. आणि कोणाकडे नीट चालणारा सीडी ड्राइव्ह असेल तर तोही, कारण आमच्याकडच्याचा ट्रे आता टाचणीनंही उघडत नाही.